फिक्स्ड लेन्स देऊन रेंजफाइंडर घ्यावा का?

माझ्याकडचा फुजीफिल्म एक्स१००एफ (लेन्स बदलता न येणारा, म्हणजे फिक्स्ड लेन्सचा कॅमेरा) देऊन आणि वर काही रक्कम भरून जुना लायका एम (हाताने फोकस साधायचा रेंजफाइंडर कॅमेरा), म्हणजे टाइप २४० हे मॉडेल, घ्यावा की नाही, हा प्रश्न गेल्या हिवाळ्यापासून माझ्यापुढे आहे. नागपूरच्या एका ओळखीच्या छायाचित्रकाराने अदलाबदलीची तयारी दाखवली आहे आणि त्यांनी कॅमेऱ्यासोबत ५० मिलिमीटरची एक लेन्सही देऊ केली आहे. वर भरावी लागणारी रक्कम मात्र लहान नाही; घरच्या धानाच्या दोन हंगामांतून खर्च वजा जाता जे हातात राहते, साधारण तेवढी ती आहे. त्यामुळे हा निर्णय नुसत्या आवडीवर सोडता येत नाही. मी कशाची छायाचित्रे काढतो, किती अंतरावरून काढतो आणि कोणत्या उजेडात काढतो, या तीन गोष्टींवरूनच तो घ्यायला हवा, असे ठरवून मी हा विचार केला.

आमचा भाग भंडारा जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचा, लाखांदूरकडचा. आषाढ-श्रावणात बांधीत पऱ्हे (धानाची रोपे) रोवणाऱ्या बाया, चैत्राच्या तोंडाशी पहाटे मोहफुले वेचणारी माणसे, आठवडी बाजार, आणि दिवाळीनंतर धान घरात आले की गावोगाव भरणाऱ्या मंडया, म्हणजे जत्रा, व त्यांच्यासोबत रात्र-रात्र चालणारी झाडीपट्टीची (पूर्व विदर्भातील आमच्या पट्ट्याची) नाटके, हे माझे विषय. वडसा जवळच असल्यामुळे तिथल्या नाटक मंडळ्यांतील कलावंतांशी चांगली ओळख झाली आहे आणि रंगपटात, म्हणजे पडद्यामागे कलावंत जिथे तयार होतात तिथे, मला मोकळेपणाने बसू दिले जाते. माझ्या वर्षभराच्या कामात शेतीची छायाचित्रे संख्येने जास्त असतात. पण ज्यांच्यासाठी मी कॅमेरा सांभाळतो, ती छायाचित्रे रंगपटातील आहेत, हे आधीच सांगितले पाहिजे, कारण पुढचा सगळा हिशेब त्यावर उभा आहे.

फिक्स्ड लेन्स आणि रेंजफाइंडर हे एकमेकांच्या विरुद्ध असलेले दोन प्रकार आहेत, असा समज अनेकांचा असतो. तो बरोबर नाही. एका बाजूला लेन्स बदलता येते की नाही हा प्रश्न आहे, तर दुसऱ्या बाजूला फोकस कसा साधला जातो हा. १९६६ साली आलेल्या याशिका इलेक्ट्रो ३५ मध्ये ४५ मिलिमीटरची एफ/१.७ लेन्स (एफ/ पुढचा आकडा जितका लहान, तितका जास्त उजेड आत) कायमची बसवलेली होती आणि तो कॅमेरा रेंजफाइंडरच होता. रेंजफाइंडरचे तत्त्व साधे आहे. कॅमेऱ्याच्या पुढच्या भागावर एकमेकींपासून काही अंतरावर दोन खिडक्या असतात. दोन्हींतून आलेल्या प्रतिमा व्ह्यूफाइंडरच्या मध्यभागी एका लहान चौकटीत एकावर एक दिसतात. लेन्सची कडी फिरवली की तिच्याशी जोडलेला आतला दट्ट्या सरकतो आणि दुसरी प्रतिमा पहिलीकडे येऊ लागते. दोन्ही तंतोतंत जुळल्या की त्या वस्तूवर फोकस साधला. लायकाने हे जोडलेले रेंजफाइंडर १९३२ साली आणले आणि १९५४ च्या एम३ मध्ये ते व्ह्यूफाइंडरच्याच खिडकीत एकत्र केले. तेव्हा आलेली एम लेन्सची जोडणी आजही तीच आहे, त्यामुळे त्या काळातील लेन्स आजच्या डिजिटल एम कॅमेऱ्यावर चालते. टाइप २४० हा २०१३ मध्ये बाजारात आलेला पूर्ण आकाराच्या (पूर्ण फ्रेम, म्हणजे ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढ्या) २४ मेगापिक्सेल सेन्सरचा कॅमेरा आहे आणि त्याचे फोकस साधण्याचे तंत्र अजूनही आरसे, भिंगे आणि एका बारीक चाकावर चालते.

फिक्स्ड लेन्सचे महत्त्व सांगण्यासाठी मला विदर्भाबाहेर जावे लागत नाही. सेवाग्राम आश्रमात गांधीजींची छायाचित्रे काढणारे कनू गांधी रोलायफ्लेक्स वापरत. घनश्यामदास बिर्ला यांनी दिलेल्या १०० रुपयांतून तो कॅमेरा आणि फिल्म घेतली गेली, आणि गांधीजींनी तीन अटी घातल्या होत्या: फ्लॅश वापरायचा नाही, पोझ द्यायला सांगायचे नाही आणि आश्रम या कामासाठी पैसे देणार नाही. रोलायफ्लेक्सची लेन्स बदलत नाही. त्या एका लेन्सच्या मर्यादेत, कुटीत मिळेल त्या उजेडात त्यांनी १९३८ पासून दहा वर्षे काम केले. त्यामुळे लेन्स बदलता येत नाही म्हणून कॅमेरा अपुरा ठरतो, हा युक्तिवाद मी मनातून पहिल्यांदाच काढून टाकला. पहिल्या दोन अटी मात्र मी रंगपटात स्वतःवर घालून घेतल्या आहेत, आणि माझी अडचण नेमकी त्यांच्यातूनच निर्माण होते.

एक्स१००एफची लेन्स २३ मिलिमीटर, एफ/२. सेन्सर पूर्ण फ्रेमहून लहान असल्यामुळे तिचा कोन पूर्ण फ्रेमच्या भाषेत ३५ मिलिमीटर. शेतासाठी याहून सोयीचा कॅमेरा माझ्या माहितीत नाही. रोवणी करणाऱ्या बाईच्या चिखलाने माखलेल्या बोटांजवळ लेन्स दहा सेंटिमीटरपर्यंत नेता येते. अगदी जवळ गेल्यावर एफ/२ वर प्रतिमा थोडी मऊ येते, पण एफ/४ वर ती स्वच्छ होते. पाकळ्यांचे लीफ शटर लेन्सच्या आत असल्यामुळे त्याचा आवाज जवळजवळ येत नाही, आणि भर दुपारच्या उन्हात पदराच्या सावलीत गेलेल्या चेहऱ्यावर फ्लॅशचा हलका उजेड टाकायचा झाला तर वेगवान शटरवरही तो जुळतो. उजेड कमी करणारा तीन स्टॉपचा एनडी फिल्टर आतच आहे (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). वैशाखात आमच्याकडे ऊन पंचेचाळीस अंशांवर जाते आणि पांढरीफटक जमीन डोळ्यांना सहन होत नाही, तेव्हा त्या फिल्टरची किंमत कळते. बॅटरी आणि कार्डसह वजन ४६९ ग्रॅम. टाइप २४० लेन्सशिवायच ६८० ग्रॅम भरतो, त्याचे शटर फ्लॅशशी १/१८० सेकंदापर्यंतच जुळते आणि एम लेन्सपैकी बहुतेक ७० सेंटिमीटरपेक्षा जवळ फोकस करत नाहीत. चौकटीबाहेरचे दिसणे, ज्यासाठी लोक रेंजफाइंडरची स्तुती करतात, तेही एक्स१००एफच्या ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरमध्ये मिळतेच.

अंतर आधीच ठरवून ठेवून छायाचित्र काढण्याच्या पद्धतीतही लहान सेन्सरचा फायदा आहे. ३५ मिलिमीटरची लेन्स पूर्ण फ्रेमवर एफ/८ ला तीन मीटरवर लावली, तर सुमारे १.९ ते ७.३ मीटरपर्यंतचे स्पष्ट येते; साधारण तेवढीच खोली, म्हणजे स्पष्ट येणारा पट्टा, एक्स१००एफवर एफ/५.६ लाच मिळते. म्हणजे बाजाराच्या गर्दीत माझा सध्याचा कॅमेरा एक स्टॉप उजेड वाचवतो. लायकाच्या कडीवर खोलीच्या खुणा कोरलेल्या असतात आणि बोटाने चाचपून अंतर कळते हे खरे, पण नुसत्या त्या सोयीसाठी दोन हंगामांचे धान मोजणे मला पटणार नाही.

इथपर्यंत विचार आला की अदलाबदल करू नये, असाच कौल निघतो. तो उलटतो रंगपटात.

झाडीपट्टीचा रंगपट बहुधा कनातीचा असतो. एखादा पिवळा बल्ब, आरशावर टेकवलेला हात, जमिनीवर अंथरलेली तणीस, आणि बाहेर रंगमंचावर झगझगीत दिवे. मिशी चिकटवणारा खलनायक, साडीच्या निऱ्या दातांत धरून उभी असलेली नटी, पुढच्या प्रवेशाची वाक्ये डोळे मिटून पुटपुटणारा तरुण, यांना बल्बच्या मागच्या बाजूने टिपायचे असते, कारण चेहऱ्याची कड तिथेच उजळते. बहुतेक ऑटोफोकसना उजेडातला फरक लागतो, आणि अशा ठिकाणी चेहऱ्यावर तो फरक फारच थोडा असतो. लेन्स पुढे-मागे शोध घेत राहते आणि तेवढ्यात डोळे उघडलेले असतात. हा एका कॅमेऱ्याचा दोष नव्हे, त्या पद्धतीचा स्वभाव आहे. फोकसला मदत करणारा कॅमेऱ्यावरचा छोटा दिवा सुरू ठेवला तर काम होते, पण एका ज्येष्ठ नटाने मेकअप करताकरता मला सांगितले, “सर, तो लाइट नका मारू जी, डोळ्यावर येते.” त्या दिवसापासून तो दिवा बंदच आहे. हाताने फोकस करण्याची सोय एक्स१००एफमध्ये आहे, परंतु तिथे कडी लेन्सला प्रत्यक्ष फिरवत नाही, मोटरला आज्ञा देते. कडी कुठे आहे यावरून अंतर कळत नाही.

गेल्या हिवाळ्यात त्या नागपूरच्या स्नेह्यांनी टाइप २४० काही रात्रींसाठी माझ्याकडे दिला होता. मी चष्मा वापरतो, म्हणून आधी शंका होती, पण ५० मिलिमीटरची चौकट ०.६८ पट मोठेपणाच्या त्या व्ह्यूफाइंडरमध्ये चष्म्यासह आरामात दिसते. रंगपटात मला जाणवलेला फरक असा: मधल्या लहान चौकटीला पूर्ण चेहऱ्याचा उजेड लागत नाही, एक कड पुरते. फेट्याचा काठ, कानातल्या झुमक्याची चमक, मिशीची रेघ, काहीही एक उभी रेषा सापडली की दोन प्रतिमा जुळवता येतात, आणि त्या जुळल्या हे माझा डोळा पाहतो; कॅमेऱ्याच्या होकाराची वाट पाहावी लागत नाही. तो फोकस मग तिथेच राहतो. नट डोळे मिटून उभा असेल तर त्याच्या पापण्या उघडण्याआधी सगळी तयारी झालेली असते, आणि मला फक्त क्षण निवडायचा असतो. काढलेली छायाचित्रे घरी आल्यावर पाहिली, तेव्हा सगळी चांगली नव्हती, परंतु जी चुकली ती माझ्या निवडीने चुकली होती, शोध घेणाऱ्या लेन्समुळे नव्हे.

इथे कोणी विचारेल की ५० मिलिमीटरचा कोन हवा असेल तर एक्स१००एफसाठी टेलिकन्व्हर्जन लेन्स मिळते, तीच का घेऊ नये. ती पुढे लावली की कोन ५० मिलिमीटरचा होतो आणि एफ/२ तसाच राहतो. किंमतही या व्यवहाराच्या मानाने अगदी थोडी आहे. कोनाचा प्रश्न त्याने सुटतो, हे मी मान्य करतो. फोकसचा सुटत नाही, आणि माझा प्रश्न फोकसचाच आहे. सेन्सरचीही अपेक्षा ठेवलेली नाही: टाइप २४० ची आयएसओची (कमी उजेडात सेन्सरची संवेदनशीलता वाढवण्याची) मर्यादा ६४०० आहे आणि तिथे पोचल्यावर त्याच्या काळ्या भागांचे चित्र माझ्या सध्याच्या, वयाने लहान असलेल्या सेन्सरपेक्षा सरस येत नाही. रंगमंचावरील लावणीसाठी, जिथे नर्तकी सतत पुढे-मागे असते, ५० मिलिमीटर एफ/२ ला सहा मीटरवर सुमारे ५.२ ते ७ मीटरचा पट्टा मिळतो, आणि तेवढ्यात काम भागवता येते. पण ते तर ऑटोफोकसनेही भागते, कारण तिथे उजेड भरपूर असतो.

मी बदलायचे ठरवले आहे. शेतीची जवळची छायाचित्रे मी गमावणार आहे, ही गोष्ट सहज बोलून टाकण्यासारखी नाही. मोहाच्या फुलावर साचलेले दव, भिजलेल्या बोटांतील पऱ्ह्याची जुडी, ही छायाचित्रे मोबाइलवर काही प्रमाणात निघतील, तशीच निघणार नाहीत. परंतु रोवणी माझ्याआधी अनेकांनी टिपली आहे आणि पुढेही टिपली जाईल. रंगपटात मध्यरात्री बसू दिले जाणारे छायाचित्रकार फार थोडे आहेत, आणि ज्या ज्येष्ठ कलावंतांनी मला तिथे जागा दिली, त्यांचे वय वाढत चालले आहे. जे काम माझ्याशिवाय होण्याची शक्यता कमी, त्याच्या बाजूने साधन असावे, असे मला वाटते. पावसाचा मुद्दा दोन्हीकडे सारखाच राहतो, कारण एक्स१००एफही पावसापासून संरक्षित नाही आणि एम लेन्सनाही रबरी सील नसतात. छत्री धरणारा सोबती दोन्ही वेळा लागतोच.

राहते रेंजफाइंडरच्या जुळणीची काळजी. आमच्या रस्त्यांवर मोटारसायकलच्या डिकीत कॅमेरा ठेवून फिरले, तर आतले चाक किंचित हलू शकते आणि मग डोळ्याला जुळलेले दिसूनही छायाचित्र मागे-पुढे होते. हे दुरुस्त करणारा माणूस इथे नाही. म्हणून कॅमेरा अंगावरच बाळगायचा आणि पैसे देण्याआधी दिवसाउजेडी तो नीट तपासायचा. गावच्या मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या पलीकडचा मंदिराचा कळस घेऊन कडी अनंतावर टेकवायची आणि दोन प्रतिमा पूर्ण जुळतात का ते पाहायचे. त्याच कळसाच्या टोकावर एक प्रतिमा दुसरीच्या वर तर नाही ना, म्हणजे उभ्या दिशेची जुळणी सरकलेली नाही ना, हे पाहायचे. मग भिंतीवर तिरकी मोजपट्टी ठेवून एक मीटरवरून, एफ/२ वर, एकाच आकड्यावर वारंवार फोकस साधून छायाचित्रे घ्यायची आणि ती संगणकावर मोठी करून बघायची. आडव्या किंवा उभ्या दिशेने फरक आढळला, तर दुरुस्तीचा खर्च त्यांनी उचलल्याशिवाय व्यवहार पुढे न्यायचा नाही, हे मी त्या स्नेह्यांना कळवले आहे आणि त्यांनी ते मान्यही केले आहे. दिवाळीनंतरच्या पहिल्या मंडईआधी ही तपासणी पूर्ण व्हावी, एवढाच माझा आग्रह आहे.