किमान उणे २.४

सोमवारी सकाळी साडेनऊला लशींच्या फ्रिजवरचा आकडा ४.६ होता. सिस्टरनी तो वहीत लिहिला, सही केली आणि पहिल्या बाळाची लस काढली. १४ आठवड्यांचं बाळ, पाच रोगांवरच्या पेंटाव्हॅलंट लशीचा तिसरा डोस. लस टोचून झाली, बाळ रडून शांत झालं, आईला अर्धा तास बाहेर थांबायला सांगितलं. दुसऱ्या बाळाची लस काढायला मी फ्रिजपाशी गेले आणि तापमानाची सतत नोंद ठेवणाऱ्या लॉगरचं बटण दाबलं. पडद्यावर आधी कमाल येतं, मग किमान. कमाल ९.१. किमान उणे २.४.

लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायची हे दवाखान्यातल्या प्रत्येकाला पाठ असतं. पण सगळ्यांना धास्ती असते ती उष्णतेची. वीज गेली की धावपळ होते. फ्रिज जास्त गार झाला तर कुणी बघतही नाही. खरं तर बऱ्याच लशी थोडा वेळ उष्णता सोसतात, गोठणं मात्र अजिबात सोसत नाहीत. पेंटाव्हॅलंट, हिपॅटायटिस बी, टीडी (धनुर्वात-घटसर्पाची), न्यूमोकोकल, एचपीव्ही या लशी ॲल्युमिनियमच्या क्षारावर बसवलेल्या असतात. गोठल्या की त्या क्षाराचे कण एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात, लशीची ताकद जाते आणि ती परत येत नाही. हिपॅटायटिस बीची लस तर उणे अर्ध्या अंशाच्या आसपासच गोठू शकते. वितळली की लशीची बाटली, म्हणजे व्हायल, वरवर पाहता आधीसारखीच. तिच्यावरच्या व्हीव्हीएमचा, म्हणजे उष्णतेने गडद होत जाणाऱ्या चौकोनी खुणेचा, भरवसा धरावा, तर तो फक्त साठत गेलेली उष्णता दाखवतो. त्या दिवशी आमच्या सगळ्या व्हायलवरचे चौकोन फिकट, म्हणजे ‘उत्तम’ होते.

पहिली गोष्ट केली ती म्हणजे रीसेटला हात लावू दिला नाही. सकाळची नोंद झाली की रीसेट करायचं हा आमचा नियम, आणि तेव्हा ते बटण दाबलं गेलं असतं तर किमान-कमाल पुसलं गेलं असतं. फोनवर पडद्याचा फोटो घेतला, लसीकरण थांबवलं आणि लॉगर संगणकाला जोडून आलेख काढला.

आलेखात सगळं होतं. शनिवारी संध्याकाळी नवा साठा आला. खोकी रचताना फ्रिजचं दार बराच वेळ उघडं राहिलं, आकडा ९.१ वर गेला. सिस्टरनी काळजीपोटी डायल ३ वरून ५ वर केला. तो आकडा म्हणजे अंश नव्हे, थंडाव्याचा जोर. ५ म्हणजे जास्त गार. दार बंद केल्यावर फ्रिज आपणहून दोन-तीन तासांत जागेवर आला असता. डायल परत फिरवायचा राहिला. रविवारी दवाखाना बंद, दार एकदाही उघडलं नाही, कॉम्प्रेसर चालूच. रविवारी रात्री ९.२० पासून सोमवारी पहाटे ४.५० पर्यंत, म्हणजे साडेसात तास, तापमान उणे अर्ध्या अंशाच्या खाली होतं. मग वीज गेली. ती नऊच्या सुमारास आली, तोवर फ्रिज हळूहळू वर चढला होता. साडेनऊला दिसलेला ४.६ हा निरोगी आकडा त्या वीज जाण्यामुळे मिळाला होता. चालू तापमान तेवढं लिहिणारी वही अशा वेळी खोटी साक्ष देते, लिहिणाऱ्याची काही चूक नसताना.

एक शंका तरीही राहते. लॉगरचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारं टोक, ग्लायकोल या द्रवाच्या बाटलीत बुडवलेला असेल, तर तो लशीच्या जवळपासचं तापमान सांगतो. आमचा मधल्या कप्प्यात हवेत लोंबत होता. हवा लवकर गार होते, द्रव उशिरा. दहा-पंधरा मिनिटांची घसरण असती तर हा फायदा लशींना देता आला असता. पण साडेसात तासांत अर्ध्या मिलीलिटरच्या सिरिंजला हवेशी जुळवून घ्यायला भरपूर वेळ मिळतो, आणि मागच्या भिंतीला टेकलेली खोकी तर प्रोबपेक्षाही गार झालेली असणार.

सगळा साठा खोक्यांत भरून ‘वापरू नका’ अशा चिठ्ठ्या लावल्या. फेकायचा नाही, कारण निर्णय व्हायचा असतो. बाहेरही ठेवायचा नाही, कारण काही लशी वाचू शकतात. तो कोल्डबॉक्समध्ये हलवायचं ठरलं, तेव्हा मदतनीस मुलगी फ्रीझरमधले आइसपॅक तसेच टणक घेऊन आली. गोठण्याचा अपघात दुसऱ्यांदा होतो तो इथे. आइसपॅक बाहेर ठेवून घाम फुटू द्यायचा, हलवल्यावर आत पाणी खळखळलं की मगच वापरायचा.

मग वर्गवारी. एमएमआर आणि बीसीजीची कोरडी पावडर गोठण्याने बिघडत नाही, ती बाजूला काढली. त्यांचं डायल्युएंट, म्हणजे पावडर विरघळवायचा द्रव, मात्र गोठता कामा नये, काचेला केसासारखी चीर जाऊ शकते. ते सगळं बाद. तोंडावाटे द्यायची पोलिओची लस मुळात उणे तापमानात साठवतात, ती ठीक. टोचायच्या पोलिओ लशीत ॲल्युमिनियम नसतं, तरी ती गोठणं सोसत नाही. रोटाव्हायरसची पातळ लसही बाद. दाराच्या कप्प्यात एका पेशंटची इन्सुलिनची पेनं ठेवायला दिलेली होती. दार हा फ्रिजचा सर्वांत उबदार भाग, पण खात्री नव्हती, म्हणून तीही बाद.

बाहेर पहिल्या बाळाची आई अजून बसलेली होती. खरं सांगायचं तर ४.६ ही वहीतली नोंद दाखवून गप्प बसणं शक्य होतं, आणि ते कुणाच्याही लक्षात आलं नसतं. अशा वेळी डॉक्टरने काय करायचं याबद्दल माझ्या मनात दोन मतं नाहीत. त्यांना आत बोलावून आलेख दाखवला.

“म्हणजे ही सुई फुकट गेली का, डॉक्टर?”

“हा डोस मोजू नये असं माझं म्हणणं आहे. बाळाला यातून मोठा धोका नाही. टोचलेल्या जागी गाठ किंवा सूज जरा जास्त येऊ शकते, तशी आली तर लगेच फोन करा. पण ही लस काम करेल याची खात्री मी देऊ शकत नाही. पुन्हा द्यावी लागेल.”

त्या थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “पुन्हा देताना मला फोन तुम्ही करा, दुसऱ्या कुणी नको.” कार्डावर बॅच नंबरासकट नोंद केली आणि पुढे लिहिलं: साठवणुकीतील बिघाड, डोस ग्राह्य नाही. लस जिवंत विषाणूची असती तर २८ दिवस थांबावं लागलं असतं. ही तशी नव्हती, म्हणून नवा साठा येताच दुसऱ्या मांडीत देता येणार होती. कंपनीच्या वैद्यकीय विभागाला तापमान, कालावधी आणि बॅच नंबर कळवून लेखी उत्तर मागितलं. फोनवरचं उत्तर नोंदीला चालत नाही.

यादीत आणखी ११ जण होते. रिसेप्शनवरच्या मुलीने विचारलं, “मॅडम, लस संपली असं सांगू?” नको म्हटलं. प्रत्येकाला एकच वाक्य सांगायचं ठरवून कागदावर लिहून दिलं: रात्री फ्रिज जास्त गार झाला, लशींची खात्री नाही म्हणून आज देत नाही, नवीन साठा आला की आम्हीच फोन करू. दोघे जण थांबू शकत नव्हते. एकाचा कुत्रा चावल्यानंतरचा तिसऱ्या दिवसाचा डोस होता. दुसरं बाळ रोटाव्हायरसचा पहिला डोस सुरू करण्याच्या वयोमर्यादेजवळ आलं होतं. दोघांना चिठ्ठी देऊन, तिथे लस असल्याची फोनवर खात्री करून, दुसऱ्या दवाखान्यात पाठवलं.

सर्वांत अवघड प्रश्न होता किती मागे जायचं हा. हा बिघाड पहिलाच कशावरून? नुसता किमान-कमाल थर्मामीटर असता तर शेवटच्या रीसेटपलीकडचं काही कळलं नसतं आणि संशय किती मुलांपर्यंत न्यायचा ते ठरवता आलं नसतं. लॉगर दर दहा मिनिटांनी नोंद ठेवतो. मागच्या ६० दिवसांच्या नोंदी एकेक करून पाहिल्या. दुसरी घसरण नव्हती. म्हणजे ग्राह्य न धरण्याचा डोस एकच.

टीडीच्या दहा डोसांच्या सहा व्हायल एकाच बॅचच्या होत्या, म्हणून त्यांची शेक टेस्ट, म्हणजे मुद्दाम गोठवलेल्या व्हायलशी हलवून तुलना, केली. इतर लशींची एका बॅचची दोन-तीनच सिरिंज असताना त्यातली एक चाचणीसाठी मुद्दाम गोठवण्यात अर्थ नव्हता. एक व्हायल ‘गोठवलेली’ असं लिहून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवली. मंगळवारी सकाळी ती नुसती टेबलावर ठेवून वितळू दिली, गरम पाण्यात घालायची नाही. मग ती आणि संशयित व्हायल एका हातात धरून १०-१५ सेकंद हलवल्या आणि शेजारी शेजारी उभ्या केल्या. न गोठलेली लस दुधाळ राहते, गाळ सावकाश बसतो. आमच्या दोन्ही व्हायलमध्ये बारीक कापूस पिंजल्यासारखे कण फिरत होते. अर्धा तास पूर्ण व्हायच्या आत दोन्हींच्या मानेखाली स्वच्छ पाण्याचा थर दिसू लागला, सारख्याच जाडीचा. साठा बाद.

सिस्टरना दोष द्यावा असं मला वाटलं नाही. डायल कुणी फिरवायचा, फिरवला तर कुठे लिहायचं, हे आम्ही कधी ठरवलंच नव्हतं. आता डायलवर चिकटपट्टी आहे. वहीत चालू तापमानाच्या शेजारी किमान, कमाल आणि ‘रीसेट केलं’ असे तीन रकाने आहेत, आणि ते भरल्याशिवाय पहिली लस फ्रिजबाहेर येत नाही. प्रोब ग्लायकोलच्या बाटलीत गेला. खालच्या रिकाम्या कप्प्यात पाण्याच्या बाटल्या भरून ठेवल्या आहेत, तापमान पटकन वर-खाली होऊ नये म्हणून.

बुधवारी नवा साठा आला. फोन मीच केला. आई बाळाला घेऊन आल्या, खुर्चीवर बसल्या नाहीत, सरळ फ्रिजपाशी आल्या.

“आधी तो आकडा दाखवा.”

बटण दाबलं. कमाल ६.८, किमान ३.१. त्यांनी दोन्ही आकडे पाहिले, मग टेबलाशी येऊन बाळाचं दुपटं सोडलं आणि त्याची उजवी मांडी पुढे केली.