आईने बॅगेत टाकलेला मिरचीचा स्प्रे

बँकॉकला निघाले तेव्हा आईने बॅगेत शेंगाचटणीची दोन पाकिटं टाकली आणि हळूच मिरचीचा स्प्रेपण. "एकटी चाललीयस, असू दे गं." मी काढून ठेवला. एकतर केबिन बॅगेत चालत नाही, आणि आपल्याकडे मिळतो म्हणून सगळीकडे चालतो असं नसतं, ब्रिटनमध्ये तर १९६८ च्या फायरआर्म्स अ‍ॅक्टखाली ते बंदी असलेलं हत्यार आहे, म्हणजे जीव वाचवायला घेतला आणि आपणच आत!

बँकॉकमध्ये ग्रँड पॅलेसबाहेर एक टापटीप माणूस भेटला, इतका गोड बोलला की काय सांगू, म्हणे आज पॅलेस बंद आहे, टुकटुकने स्वस्तात फिरवतो. हा तिथला जुनाच धंदा, फिरवत फिरवत रत्नांच्या दुकानात नेऊन बसवतात. मी मान हलवली आणि सरळ गेटवर गेले, तर उघडंच की!

पाकीटमारांचं टेन्शन नव्हतं, सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत लहानपणापासून पर्स पोटाशी धरून फिरलोय आपण.

भावाने निघायच्या आधी एकच डाव पन्नासदा करून घेतला होता, कुणी मनगट धरलं तर मागे ओढायचं नाही, त्याच्या अंगठ्याच्या बाजूला झटका द्यायचा कारण पकड तिथेच कच्ची असते, आणि सुटलं की मारत बसायचं नाही, ओरडत उजेडाकडे पळायचं. वापरायची वेळ आली नाही. थायलंडच्या टुरिस्ट पोलिसांचा ११५५ नंबर तेवढा कागदावर लिहून खिशात ठेवलेला, मोबाईलच गेला तर काय करणार?

चटणी मात्र तिसऱ्याच दिवशी संपली.