पावसाळी नालीत सोडलेला पाइप

नागपुरात आमच्या शेजारच्या घराची दुरुस्ती सुरू आहे. आज सकाळी प्लंबर स्वयंपाकघराचा पाइप रस्त्याकडेच्या पावसाळी नालीत सोडत होता. गटारलाइन चार पावलांवर असताना असे का, हे मी विचारले.

"नालीच आहे जी, पाणी कुठं तरी जाईलच ना," तो सहज म्हणाला.

पाइप जोडताच फेसाळ पाणी वाहू लागले. त्यात भाताची शिते होती, वर हळदीचा तेलकट तवंग होता.

ते पाणी नाग नदीत जाते. गटारलाइनचे पाणी भांडेवाडीच्या केंद्रात शुद्ध होते आणि त्यातले बरेचसे कोराडीच्या वीज केंद्राला दिले जाते. पावसाळी नालीतले मात्र जसेच्या तसे नागेतून कन्हानला, पुढे वैनगंगेला आणि गोसीखुर्दच्या जलाशयात पोहोचते. शिवाय तेलाचा थर नालीच्या भिंतींना चिकटतो, त्यावर गाळ बसतो आणि जोराच्या पावसाला वाटच उरत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये अंबाझरी तलाव ओसंडून घराघरांत पाणी शिरले, ते या शहराने पाहिले आहे. (त्याची कारणे अर्थातच मोठी होती.)

बांधकामाचा नकाशा तपासला जातो, मग पाइपचा खड्डा बुजवण्याआधी सांडपाण्याची जोडणी का तपासली जात नाही? तुमच्या गल्लीत कोणी तपासते का?