खण-झंपर जंक जर्नल: दोन जुज बांधले, तिसरा क्लिपांत

जंक जर्नल म्हणजे जुने कागद, कापड, चित्रं लावून हाताने बांधलेली वही. माझ्या वहीची साठपैकी चाळीस पानं भरली. कव्हर तयार आहे, पहिले दोन जुज (एकत्र दुमडून शिवलेल्या तावांचे गठ्ठे) शिवून बसले आहेत. तिसऱ्याला भोकं पाडून झाली, शिवण बाकी. विषय साधारण १९३० ते १९६० या काळातल्या मराठी बायकांच्या कापडचोपडाचा: लुगडं, पातळ, खण, झंपर, परकर-पोलकं. त्याआधीच्या काळाला एकच जोडपान दिलं आहे.

या नोंदीत सजावटीपेक्षा मापं जास्त आहेत, आणि ते मुद्दाम. जंक जर्नल बिघडतं ते चित्रं चुकीची निवडल्यामुळे नाही, तर वहीच्या पाठीला माया न ठेवल्यामुळे. शिंपी कापड बेतताना शिवणीसाठी जशी माया सोडतो, तशीच इथे फुगवट्यासाठी सोडावी लागते. कोऱ्या पानांच्या जाडीवर पाठ बेतली की दहा पानं भरल्यावर वही सुसरीसारखी आ वासते आणि शिवण ताणून कागद भोकांपाशी फाटतो.

आधी हिशेब. पान १४ × २० सेंमी. एका जुजात पाच घडीचे ताव, म्हणजे दहा पत्रं, वीस पानं. बाहेरचा ताव २०० जीएसएमचा (चौरस मीटरला इतके ग्रॅम) हातकागद, मधले तीन १२० जीएसएमचे, एक शिंप्याचा खाकी कागद. असा जुज कोरा दाबला तर २ मिमी, तीन मिळून ६. पण प्रत्येक जुजात तावांच्या मध्ये चार मायापट्ट्या घातल्या आहेत: हातकागदाची ४ सेंमी रुंद, २० सेंमी उंच पट्टी, मधोमध दुमडलेली, तावांसोबतच शिवलेली. एक पट्टी पाठीशी सुमारे ०.८ मिमी वाढवते. त्यामुळे जुज ५.२ मिमी आणि तिन्ही मिळून साडेपंधरा. कव्हरची पाठ २८ मिमी ठेवली. भोकांच्या रांगा पाठीच्या कडेपासून ७, १४ आणि २१ मिमीवर. दोन्ही भरलेले जुज आता दाबून प्रत्येकी ८ ते ९ मिमी भरतात. जागा पुरते आहे, पण उरत नाही.

पट्ट्यांचा दुसरा फायदा असा की त्यांच्या मोकळ्या कडेला पाकिटं, जादा पानं चिकटवता येतात आणि मूळ पानावर ओल जात नाही.

कागदाच्या दाण्याबद्दल, म्हणजे तंतूंच्या दिशेबद्दल, एकदा सांगून टाकू, कारण बहुतेकांच्या वह्या इथेच ताठर होतात. बाजारातल्या ए-४ कागदाचा दाणा सहसा लांबीला समांतर असतो. तो मधे दुमडला की घडी दाण्याला आडवी पडते: कडेला तंतू तुटतात, पान उघडं राहत नाही. उपाय सोपा. ए-३ कागद घेऊन तो मधून कापायचा. मग मिळणाऱ्या ए-४ तावात दाणा आखूड बाजूला समांतर येतो आणि घडी दाण्याबरोबर पडते. खात्री नसेल तर कागदाची एक पट्टी लांबीत आणि एक रुंदीत कापून दोन्ही एकेकाच टोकाला धरा. जी जास्त लोंबते ती दाण्याला आडवी कापलेली. हातकागदाला ही कटकट जवळजवळ नाही, कारण त्याचे तंतू सगळीकडे पसरलेले असतात. पुण्यात शिवाजीनगरला १९४० पासून हातकागद संस्था आहे. सुती चिंध्यांपासून केलेला कागद या विषयाला शोभतोही: कापडाचं जर्नल, कापडाच्याच कागदावर.

शिवण पाच भोकांची. २० सेंमी उंचीवर भोकं २, ६, १०, १४, १८ सेंमीवर. दोरा सुती, तीनपदरी, मेणावरून दोनदा ओढलेला, प्रत्येक जुजाला ६० सेंमी. आतून तिसऱ्या भोकातून बाहेर, दुसऱ्यातून आत, पहिल्यातून बाहेर, पुन्हा दुसऱ्यातून आत, तिसरं सोडून चौथ्यातून बाहेर, पाचव्यातून आत, चौथ्यातून बाहेर आणि शेवटी तिसऱ्यातून आत. मधल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना दोन टोकं ठेवून गाठ. दोरा घडीच्या दिशेने ओढायचा, वर उचलून नाही. उचलून ओढला की खाकी कागद भोकापासून चिरतो, कारण सगळ्या तावांत तोच दुबळा.

कव्हरचा पुठ्ठा २ मिमी जाड, १४.५ × २१ सेंमी, दोन. पाठीला १ मिमी पुठ्ठ्याची २.८ × २१ सेंमीची पट्टी. पुठ्ठा आणि पाठीत दोन्हीकडे ६ मिमी फट. ही फट ४ मिमी ठेवून एक कोरा नमुना केला होता, तो कापड चढल्यावर उघडेना. २ मिमीचा पुठ्ठा कापडासह वळायला तेवढी जागा लागतेच. पाठीवर खण, १२ × २५ सेंमीचा तुकडा, काठ उंचीला समांतर. उरलेल्या पुठ्ठ्यावर ब्लाउजचं टू बाय टू रुबिया.

आता खण. सगळा वेळ यातच गेला, म्हणून सविस्तर.

बागलकोट जिल्ह्यातलं गुळेदगुड्ड हे खणांचं गाव. दुकानात आज जे ‘खण’ म्हणून मिळतं त्यात सुती, रेशमी, कृत्रिम रेशीम आणि पॉलिस्टर असे सगळे प्रकार आहेत, आणि पुस्तकाच्या बांधणीत हे चारही वेगळे वागतात. त्यामुळे आधी कडेचे दोन-तीन धागे चिमट्यात धरून, पाण्याच्या वाटीवर, जाळून पाहा. सुती आणि कृत्रिम रेशीम कागदासारखं जळतं, मऊ राख उरते. रेशमाला जळक्या केसांचा वास येतो. पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. ताणा (उभा धागा) आणि बाणा (आडवा) वेगवेगळा जाळायचा, कारण दोन्ही एकाच जातीचे असतीलच असं नाही.

मग रंग. पांढरं ओलं फडकं तुकड्याच्या उलट्या बाजूवर वीसदा घासा. कुंकवाच्या आणि वांगी रंगाच्या खणांनी फडक्यावर डाग दिला, हिरव्याने नाही. रंग सोडणाऱ्या खणाला खळ (मैद्याची लापशी) लावायची नाही, एवढंच. तो कोरड्या पद्धतीने बसवायचा.

कोरडी पद्धत म्हणजे शिंपी कॉलरला लावतात ते पेस्टिंग. खणाच्या उलट बाजूला पेस्टिंगचा खरखरीत, डिंकाचा भाग ठेवून वरून सुती फडकं, इस्त्री मध्यम, वाफ बंद. इस्त्री फिरवायची नाही, दहा-बारा सेकंद दाबून उचलायची. फिरवली की खणाची वीण तिरकी होते आणि काठ वेडावाकडा बसतो. काठात जर (सोनेरी-रुपेरी तार) असली तर ती आधी टोकावर तपासा. हल्लीची बरीच जर प्लॅस्टिकच्या झिलईची असते, गरम इस्त्रीने ती आकसून चुरगळते. तशा काठाला इस्त्री उलट बाजूनेच, सर्वांत कमी आचेवर.

पेस्टिंग न लावता थेट पांढरा गोंद लावलेला पहिला तुकडा वाया गेला. गोंद विणीतून वर आला आणि वाळल्यावर काठावर चकचकीत डाग पडले, जे निघत नाहीत. पेस्टिंग लावल्यावर गोंद पुठ्ठ्याला लावायचा, कापडाला नाही, आणि पातळ. वर मेणकागद, मग वजन, रात्रभर. दोन्ही पुठ्ठ्यांना आतूनही कागद चिकटवायचा, नाहीतर एकाच बाजूची ओढ बसून कव्हर वाडग्यासारखं वाकतं.

आतल्या कागदाला खळ: मैदा २० ग्रॅम, पाणी १६० मिली, मंद आचेवर सतत ढवळत दहा मिनिटं, मग चाळणीतून. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकते. जुने बांधणीवाले कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालत. ते विषारी आहे, हाताळायच्या वहीत नको. थोडी करा, ताजी वापरा.

चहाचा रंग. अर्धा लिटर पाणी, चार छोटे चमचे चहा पावडर, दहा मिनिटं उकळून गाळून कोमट करा. १२० जीएसएम कागद दोन ते तीन मिनिटं बुडवून सपाट वाळवा. भांडं स्टीलचं हवं. लोखंडी कढईत केलं तर चहातलं टॅनिन लोखंडाशी मिळून कागद करडा-काळा होतो. (एक पान मुद्दाम तसं केलं आहे, काळ्या चंद्रकळेसाठी. छान दिसतं, पण कागदाला तो रंग दीर्घकाळ चांगला नाही, म्हणून ते सुटं पान पाकिटात ठेवलं.) हातकागद बुडवू नका, लवकर केसाळतो. ब्रशने एकच हात पुरे.

चित्रं. ‘किर्लोस्कर’ १९२०चं, ‘स्त्री’ १९३०चं, ‘मनोहर’ १९३४चं. या मासिकांचे जुने अंक रद्दीत हाती लागले तरी कात्री लावू नका. त्या काळच्या लाकडी लगद्याच्या स्वस्त कागदात आम्ल असतं, तो पिवळा पडून ठिसूळ होतो आणि शेजारच्या पानालाही डाग देतो. तपासायला कोपरा एकदा पुढे, एकदा मागे दुमडा. तुटला तर तो कागद चिकटवण्याच्या लायकीचा नाही. स्कॅन करा, ३०० डीपीआयला, आणि लेझर प्रिंट काढा. साध्या इंकजेटची शाई खळीच्या पाण्याने फुटते, झंपराच्या ठिपक्यांची रांगोळी होते. लेझरची टोनर पावडर पाण्याला हलत नाही, फक्त घडीवर सोलते. म्हणून चित्र घडीच्या अलीकडे-पलीकडे ५ मिमी सोडून बसवा. आधीच्या काळाचं जोडपान रविवर्मा छापखान्याच्या चित्रांचं आहे. १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेला हा छापखाना पुढे मळवलीला गेला. त्या शिळाछापांत देवींच्या अंगावरही कुठे कुठे नऊवारी दिसते, त्यामुळे निऱ्या आणि पदर कसा घेतला जाई हे नीट पाहता येतं.

त्याच्या पुढच्या पानावर या जर्नलमधली सर्वांत आवडती गोष्ट: एक-वीसांश नऊवारी. नऊ वार म्हणजे ८.२३ मीटर, वीसने भागून ४१ सेंमी. पन्हा ११५ सेंमी धरला तर ५.७ सेंमी. ४१ × ५.७ सेंमीची पट्टी ए-३च्या लांबीत बसते. ४.१ सेंमीच्या दहा घड्या, पहिली पानाला चिकटवायची, उरलेल्या नऊ निऱ्यांसारख्या उलगडतात. शेवटच्या दोन घड्यांवर पदर छापलेला, दोन्ही लांब कडांना ६ मिमीचे काठ. अडचण दाण्याचीच: पट्टी ए-३च्या लांबीत काढली की सगळ्या घड्या दाण्याला आडव्या. ८० जीएसएमपेक्षा जाड कागद घेऊ नका आणि दुमडण्यापूर्वी फूटपट्टी धरून बोथट सुईने रेघ ओढा. पाचव्या-सहाव्या निरीला अर्धा मिमी चूक साठून काठ तिरका दिसू लागतो. म्हणून प्रत्येक खूण आधीच्या खुणेपासून न मोजता पहिल्या टोकापासून मोजा: ४.१, ८.२, १२.३ असं.

खाकी कागदाच्या पानांवर झंपराचं बेतणं, शिवणवर्गाच्या फायलीत असतं तसं, चौथाई मापाने. छाती ३२ इंच: चौथा भाग ८, त्यात १ इंच माया, झाले ९, चौथाईत सव्वादोन इंच. उंची १४ इंच, चौथाईत साडेतीन. १४ सेंमी रुंद पानात पुढचा भाग आणि बाही शेजारी बसतात, मागचा भाग पुढच्या पानावर. फुग्याच्या बाहीचा वरचा भाग कापून उघडल्याची रेघ लाल पेन्सिलीने, मूळ रेघ निळ्या.

बटणं आणि हुक जपून. लोहचुंबकाला चिकटणारा हुक लोखंडी, तो पावसाळ्यात गंजून तीन-चार पानं डागाळतो. पितळी घ्या, नाहीतर पारदर्शक नेलपॉलिशचे दोन हात देऊन पूर्ण वाळवा. शिंपल्याची बटणं ओठाला थंड लागतात, ती निर्धास्त वापरा. गरम पाण्यात बुडवल्यावर कापराचा वास आला तर बटण सेल्युलॉइडचं: ते जुनं होताना आम्लाची वाफ सोडतं, शेजारची जर काळी करतं आणि पेटही चटकन घेतं. वहीत नकोच. १८ लाइनचं (लाइन हे बटणांचं माप) बटण साडेअकरा मिमीचं असतं. ते पानावर सरळ शिवलं तर समोरच्या पानावर वळ उठतो. दोन पत्रं चिकटवून त्यात १३ मिमीची खिडकी कापा आणि बटण खोलगट बसवा.

तिसऱ्या जुजात राहिलेलं: खणाच्या त्रिकोणी घडीचा खिसा (१६ सेंमीचा चौकोन, तिरका दुमडून), परकराच्या झालरीचं पान, आणि टिचबटणांच्या पत्त्याची नक्कल. त्रिकोणी खिशाचे कोपरे जाड होतात, त्यामुळे तो मायापट्टीलाच टाचणार, पानाला नाही. कव्हरची दोरी आणि बटण सगळ्यांत शेवटी. आत्ता दोरी कापली तर ती चाळीस पानांच्या मापाची होईल.