गुरुपौर्णिमा, कारागृह आणि एक विधेयक

१० जुलै २०२५, गुरुवार. रात्रीचे साडेदहा.

सकाळी सरांना फोन केला. गुरुपौर्णिमेला दरवर्षी करते. दोषारोपपत्र उलटं वाचायला त्यांनीच शिकवलं : आधी पंचनामे, मग जबाब, फिर्याद सगळ्यात शेवटी. फिर्याद आधी वाचली की बाकीचं सगळं तिच्याच डोळ्यांनी दिसतं, असं ते म्हणायचे. आता त्यांना नीट ऐकू येत नाही. मी कुठे आहे विचारलं, तर 'लोक अभिरक्षक कार्यालयात' हे तीनदा सांगावं लागलं. म्हणजे ज्यांना वकील परवडत नाही अशा आरोपींचा सरकारी खर्चाने बचाव करणारं आमचं ऑफिस.

दुपारी कारागृहात गेले. मुलाखतीच्या खोलीत बावीस वर्षांचा एक मुलगा समोर येऊन बसला. शेतातल्या मोटारीची तांब्याची केबल चोरल्याचा गुन्हा आहे त्याच्यावर. जामीन मंजूर होऊन आज एकोणचाळीस दिवस झाले. पंधरा हजारांचा जातमुचलका, म्हणजे स्वतःची लेखी हमी, आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार, एवढीच अट. त्याची आई ऊसतोडीला जाते. परवा ऑफिसात येऊन म्हणाली, "मॅडम, सातबारावाला माणूस मिळत नाही हो. आमच्यासाठी कोण उभा राहील?" ज्यांच्याकडे जमीन आहे, त्यांच्याच शेतात ही माणसं कामाला. त्यांच्यापैकी कोणाच्या दारात जाऊन ती सातबारा मागणार?

जामीनदाराची अट शिथिल करावी म्हणून अर्ज लिहून नेला होता. मुलाला सही येते. सही केली, पण पेन खाली ठेवला नाही. नावापुढे गाव लिहिलं, तालुका लिहिला, जिल्हा लिहिला, शेवटी पिनकोडही लिहिला. एवढं कशाला रे, असं विचारलं तर म्हणाला, "नाहीतर मी कुठला ते साहेबांना कसं कळणार?" अर्जात वर सगळा पत्ता छापलेला आहे, हे त्याला सांगितलं नाही. तसाच ठेवला अर्ज.

घरी आले तर बातम्यांत एकच विषय. कडव्या डाव्या संघटनांच्या बेकायदा कारवायांविरुद्धचं राज्याचं विशेष जनसुरक्षा विधेयक विधानसभेत आवाजी मतदानाने मंजूर झालं, आता विधान परिषदेत जाईल. मी विधेयक पूर्ण वाचलंय. विधिमंडळाच्या संयुक्त समितीकडे बारा हजारांहून जास्त सूचना आल्या होत्या, त्यानंतर मसुद्यात काही बदल झाले. ते चांगलेच झाले, तपास आता उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडेच असेल. तरी गुन्हे दखलपात्र आणि अजामीनपात्रच आहेत, शिक्षा सात वर्षांपर्यंत आणि दंड पाच लाखांपर्यंत. मी वाचताना सवयीने एकच कलम शोधत राहिले : या कायद्याखाली ज्याला धरतील त्याच्या बाजूने कोण उभं राहणार, कशाच्या बळावर? ते सापडलं नाही. फौजदारी खटले ज्या कायद्याने चालतात त्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३४१ आहे ना, सरकारी खर्चाने वकील मिळतोच, असं कोणी म्हणेल. मिळतो. तो वकील म्हणजे मीच.

२०२० साली महिला आणि मुलांवरच्या अत्याचारांविरुद्धचं राज्याचं शक्ती विधेयक आलं तेव्हा माझी भावना वेगळी होती. मूळ मसुद्यात पंधरा दिवसांत तपास होता, दोषारोपपत्रानंतर तीस दिवसांत खटल्याचा निकाल, गंभीर प्रकरणांत फाशी. मला ते हवं होतं. मी बाई आहे, कोर्टात पीडितांच्या आया पाहिल्या आहेत, दहा-दहा वर्षं तारखा घेताना. समितीने तपासाची मुदत तीस दिवस केली, २०२१च्या डिसेंबरमध्ये दोन्ही सभागृहांनी ते मंजूर केलं, मला बरं वाटलं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने तो कायदा झालाच नाही.

नंतर खंडव्याच्या खटल्याचा निकाल वाचला. खंडवा काही लांब नाही, भुसावळहून गाडीने दोन-अडीच तास. २०१३ साली एका लहान मुलीवर अत्याचार करून तिला मारल्याचा आरोप एका तरुणावर होता. ज्या दिवशी आरोप निश्चित झाले त्याच दिवशी त्याला मोफत वकील नेमून दिला, आणि दोन आठवड्यांच्या आत फाशी सुनावली. वकिलाने कागद कधी वाचले असतील? आरोपीला एकांतात कधी भेटला असेल? २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. जन्मठेप किंवा फाशी होऊ शकते अशा खटल्यात वकील किमान दहा वर्षं अनुभवाचा हवा आणि तयारीला निदान सात दिवस हवेत, असं बजावलं. फेरखटल्यात तो माणूस २०२४ साली निर्दोष सुटला. अकरा वर्षं आत होता. आणि त्या मुलीच्या आईलाही त्या घाईतून काही मिळालं नाही. हे वाचल्यापासून 'तीस दिवसांत निकाल' ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो.

आमची व्यवस्था २०२२ पासून जिल्ह्याजिल्ह्यांत उभी राहतेय. मुख्य, उपमुख्य, सहायक अभिरक्षक. पूर्णवेळ काम, खाजगी केस घ्यायची नाही. पूर्वी यादीतल्या खाजगी वकिलांना एकेक केस दिली जायची, त्या पॅनेलपेक्षा हे कितीतरी चांगलं, मी शपथेवर सांगेन. पण ही राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची योजना आहे आणि आम्ही कंत्राटावर आहोत. समोरचा सरकारी वकील कायद्याने नेमलेला असतो, त्याच्यामागे पोलीस ठाणं असतं, प्रयोगशाळा असते. म्हणून मला वाटतं, राज्याने आपल्या विधिमंडळात बचावाचा कायदा करावा. पदं कायम, निधी अर्थसंकल्पात, आणि एका वकिलाकडे जास्तीत जास्त किती खटले द्यायचे याची मर्यादा कलमात लिहिलेली. शिक्षा वाढवणारं विधेयक मांडताना त्याला हे जोडलेलं असावं. १९७८ साली होसकोट खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी कैद्याला मोफत वकील देणं हे राज्याचं कर्तव्य ठरवलं. तो खटला महाराष्ट्राविरुद्धचाच होता.

पावसाने वीज दोनदा गेली, मोबाइलच्या उजेडात हे लिहितेय.

उद्या अकराला अर्ज कोर्टापुढे आहे. त्याच्या आईला दहालाच यायला सांगितलंय. एसटी साडेनऊची आहे. अर्जाची प्रत पिशवीत ठेवलीय, पिनकोडसकट.