काचेच्या कौलाखाली

सोमवार

आषाढात कॅमेरा वापरण्यापेक्षा तो सांभाळण्यातच जास्त वेळ जातो. हवेतला दमटपणा साठ-पासष्ट टक्क्यांच्या वर राहिला की लेन्सच्या आत बुरशी धरायला लागते, आणि आमच्या फोंड्यात या दिवसांत दमटपणा साठावर उतरणं म्हणजे चमत्कारच. बुरशी एकदा काचेवरच्या लेपात शिरली की पुसून जात नाही, खूण राहतेच. म्हणून हवाबंद डबा, आत सिलिका जेल. निळे दाणे ओल पिऊन गुलाबी झाले की मंद आचेवर भाजायचे, पुन्हा निळे होतात. त्यासाठी एक जुनी कढई वेगळी काढून ठेवली आहे. तो निळा रंग कोबाल्टच्या क्षाराचा, स्वयंपाकाच्या भांड्यांत नकोच. तरी प्रत्येक वेळी ही येऊन बघून जाते, कढई तीच आहे ना.

एवढा उपद्व्याप करूनही मला फोटो काढायला हेच दिवस आवडतात. डिसेंबरातलं ऊन पाहुण्यांना लखलाभ. दहा वाजले की त्या उन्हात चिऱ्याच्या भिंती पांढुरक्या पडतात आणि सावल्या काळ्या कुळकुळीत. आता आभाळ भरलेलं, म्हणजे उजेड सगळीकडून सारखा. ओला चिरा खरा लाल दिसतो, गडग्यावरचं शेवाळ खरं हिरवं. आणि लोक घरात असतात, हे सगळ्यांत महत्त्वाचं.

मंगळवार

ऑफिस. दिवसभर पाऊस. रात्री जुनी हार्ड डिस्क उघडून प्रवासातले फोटो चाळले.

हंपीच्या फोटोंत विठ्ठल मंदिराचा दगडी रथ एकदाच आहे, तोही पुढ्यात कुणाचं तरी डोकं आलेला. बाकी काय, तर लॉजच्या किल्लीला बांधलेला लाकडाचा ठोकळा, खोलीतला स्विचबोर्ड, हॉटेलातला स्टीलचा पेला, तुंगभद्रेच्या काठावर पालथी घातलेली गोल होडी. कुठेही गेलो तरी माझं हे असंच. कोल्हापूरच्या फोटोंतही अंबाबाईच्या देवळापेक्षा देवळाबाहेरच्या चपलांच्या खणांचे फोटो जास्त. भाऊ विचारतो, तू नक्की गेला होतास कुठे?

पण हंपीतला एक फोटो मला फार प्रिय आहे. विरूपाक्ष मंदिरात एका अंधाऱ्या जागी भिंतीवर गोपुराची उलटी सावली पडते. पूर्वेचं नऊ मजली गोपुर, पन्नास मीटरच्या आसपास उंच, एका लहानशा छिद्रातून उजेड आत येतो आणि समोरच्या भिंतीवर अख्खं गोपुर डोकं खाली करून उभं राहतं. लेन्स नाही, काच नाही, बॅटरी तर नाहीच. कॅमेरा म्हणजे मुळात एवढंच, अंधारी खोली आणि एक भोक. तिथला माणूस पाच-दहा रुपयांच्या आशेनं हाताचा पंजा मध्ये धरून सावली दाखवत होता. फोटोत त्याचा पंजा आला आहे आणि तो आहे म्हणूनच ते गोपुर केवढं ते कळतं.

गुरुवार

काल काही नाही. आज ऑफिसातून लवकर सुटलो आणि रायबंदरच्या धक्क्यावर गेलो. चोडणला जायचं, परत यायचं, काम काही नाही. जुलै २०२५ मध्ये या मार्गावर रो-रो बोटी आल्या, गाड्या एका बाजूनं चढतात आणि दुसऱ्या बाजूनं उतरतात तशा. त्या मोठ्या आहेत, लवकर पोचवतात, चोडणकरांची सोय झाली, याबद्दल तक्रार करणारा मी कोण? पण फोटोसाठी मला जुनी फेरीबोटच हवी असते. तिच्या पुढच्या फळीची साखळी, गंजावर रंग आणि त्या रंगावर पुन्हा गंज असे थर, पाण्यानं कुजत आलेला दोर. समोर सलीम अली पक्षी अभयारण्याची खारफुटी, मांडवीचं पाणी चहाच्या रंगाचं.

दोर गुंतून पडला होता, त्याचा फोटो घ्यायला वाकलो. बोटीवरच्या खलाशानं पाहिलं, आला, आणि मी काही बोलायच्या आत दोर उचलून त्याची छान गोल वेटोळी घालून ठेवली. वर म्हणाला, "आतां काड." गुंता तसाच राहू दे, हे शब्द तोंडापर्यंत आले होते. पण दोर त्याचा, बोट त्याची. त्याच्या हातची वेटोळी कॅमेऱ्यात घेतली. नीटस आहे. माझ्या मनात होता तो फोटो हा नव्हे.

शुक्रवार

ऑफिसच्या कामानं म्हापसा, आणि शुक्रवार, म्हणजे बाजार आपोआप आला. पुरुमेताची गर्दी मे महिन्यातच संपते. सुकी मासळी, आमसुलं, चिंचेचे गोळे, हरमलची मिरची, पावसाळ्याची सगळी बेगमी तेव्हाच घराघरांत जाऊन पडते. आता बाजार हिरवा: तायखिळो, फागलां अशा रानभाज्या, आणि सागाच्या पानात मांडलेली अळमीं. वारुळावर उगवणारी ही अळंबी मोजून विकतात आणि भाव ऐकून माणूस दोन पावलं मागे सरतो.

पावसात हा बाजार निळ्या ताडपत्रीखाली भरतो, आणि फोटोवाल्याची सगळी गोची तिथेच. वरून येणारा उजेड ताडपत्रीतून गाळून निळा होऊन येतो. लाल मिरची जांभळी दिसते, मासळी शिळी वाटते, माणसं आजारी. डोळ्याला कळत नाही, कारण मेंदू हिशेब जुळवून घेतो. कॅमेऱ्याला ती अक्कल नाही. मी रॉ, म्हणजे रंग नंतर दुरुस्त करता येतील अशी कच्ची, फाइल काढतो आणि एका फोटोत मिठाचा ढीग घेतो. घरी आल्यावर मीठ पांढरं करायचं, की त्या ताडपत्रीखालचं बाकी सगळं जागेवर येतं. छायाचित्रणाची दुकानं यासाठी राखाडी पुठ्ठा विकतात. म्हापशाच्या बाजारात मीठ फुकट आहे.

अळमींवाल्या बाईसमोर बसलो तर तिनं आधी पानातली तुटकी अळमीं मागे ढकलली, चांगली टवटवीत पुढे ओढली, पानाची कड सारखी केली. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "फोटो काडटा जाल्यार अळमींय व्हर." नेली. घरी ही खूश. फोटो किती महागात पडला ते विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

शनिवार

भाऊ आणि त्याचे पुण्याचे मित्र, सगळ्यांना घेऊन पणजीतल्या फोंतेन्हास या जुन्या वस्तीत. मी कॅमेरा मुद्दाम घरी ठेवला.

गल्ल्या सुंदरच आहेत, त्यात वाद नाही. पण पिवळ्या भिंतीला टेकून उभं राहणाऱ्यांची रांग, आणि भिंतीच्या पलीकडे माणसं राहतात हे कुणाच्या गावीही नाही. काही दारांवर फोटो काढू नका अशा पाट्या आहेत, आणि लोक पाटीसकट फोटो काढतात. पर्रा गावात माडांमधून जाणाऱ्या रस्त्याची अशीच कीर्ती झाली तेव्हा तिथल्या पंचायतीनं फोटो काढणाऱ्यांवर कर लावला होता, नंतर ओरड झाली म्हणून मागे घेतला. मला तो कर फारसा वावगा वाटला नव्हता. हे भावाच्या मित्रांना सांगितलं नाही.

एक गोष्ट मात्र लक्षात आली. पुण्याच्या पाहुण्यांनी शोधून शोधून पोपडे आलेल्या भिंती निवडल्या. पावसानं रंग उडालेला, चुना फुगलेला, कोपऱ्यात शेवाळ. मीही तेच निवडलं असतं. आणि पावसाळा सरला की हेच घरवाले शिडी लावून, पदरचे पैसे घालून भिंती नव्यानं रंगवणार आहेत. आम्हाला जे जुनं म्हणून आवडतं, ते त्यांच्या लेखी राहून गेलेलं काम असतं.

रविवार

माशेलला मावशीकडे. देवकीकृष्णाच्या मैदानातला चिखलकाल्याचा, म्हणजे आषाढातल्या चिखलातल्या खेळांचा, चिखल अजून वाळलेला नाही. यंदा चिखलकाल्याला गेलो नाही. कॅमेरा घेऊन गेलं तर पोरं कॅमेऱ्यासकट लोळवतात.

मावशीचं घर जुनं, मधे राजांगण, चारी बाजूंनी कौलं उतरत आलेली. पुढच्या खोलीच्या दोन खिडक्यांना अजून शिंपल्याची तावदानं आहेत. चपटा, अर्धपारदर्शक शिंपला चौकोनी कापून लाकडी पट्ट्यांत एकावर एक सरकवलेला. काच महाग होती त्या काळातली ही युक्ती. हा शिंपला चिखलीच्या खाडीत सापडतो, पण तो आता वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आला आहे, तेव्हा एखादं तावदान फुटलं की तिथे काच बसते. मावशीच्या खिडकीत अशा काचा दिसतातच. शेजारी शेजारी बघितलं की फरक कळतो: काचेतून रस्ता दिसतो, शिंपल्यातून नुसता उजेड येतो, दुधाळ आणि किंचित पिवळसर. माणसाचा चेहरा त्या खिडकीशी बसवावा. स्टुडिओवाले याच उजेडासाठी पांढऱ्या छत्र्या लावतात.

मागच्या पडवीत एकच काचेचं कौल आहे. बरोबर त्याखाली आडोळी, म्हणजे विळी, आणि वाटण वाटायचा रगडो. नारळ खोवायचा तो इथेच, कारण उजेड इथे. लहानपणी या घरात कवडशांमागे धावायचो. भोक कसंही असो, तिरकं, फाटकं, चिरेसारखं, कवडसा मात्र गोलच का, हे कोडं पुष्कळ दिवस सुटलं नव्हतं. तो गोल असतो कारण ती सूर्याची प्रतिमा असते. हंपीच्या भिंतीवर गोपुर, इथे शेणानं सारवलेल्या जमिनीवर सूर्य. कौल पाच मीटर उंच असेल आणि फट बारीक असेल तर तो सूर्य साधारण साडेचार-पाच सेंटिमीटरचा पडतो. २६ डिसेंबर २०१९ च्या सकाळी ग्रहण होतं. दक्षिणेत मंगळुरूकडे कंकणाकृती दिसलं, आपल्याकडे खंडग्रास. मावशीनं कुणाला अंगणात पाऊल टाकू दिलं नाही. दारं बंद, पाण्यात तुळशीची पानं. आणि पडवीच्या जमिनीवर प्रत्येक कवडशाची चंद्रकोर झाली. ग्रहण कौलांतून आत येऊन बसलं. मावशी एक कोर ओलांडून गेली, मग थबकली, आणि वळून दुसऱ्या वाटेनं आली. तो फोटो माझ्याकडे आहे. त्यात कोरी आहेत, मावशीचा पाय आहे, आणि फोकस नाही.

आज आलो होतो भाणासाठी. न्हाणीतलं पाणी तापवायचं तांब्याचं भाण, मावशीच्या सासूच्या काळचं. गिझर आल्यावरही ते चुलीवर बसलेलंच होतं. वर्षानुवर्षांच्या धुरानं बाहेरून काळं, आणि गळ्याशी जिथे रोज हात लागायचा तिथे मात्र लालसर चमक. हे मी दिवाळीला पाहिलं होतं, तेव्हापासून डोक्यात होतं. परवा फोनवर मावशीला म्हटलं, रविवारी येतो, भाणाचा फोटो काढायचा आहे.

येऊन बघतो तर भाण चुलीवरून उतरवून काचेच्या कौलाखाली मांडलेलं. लखलखीत. मावशीनं दोन दिवस राखेनं आणि चिंचेनं, सोडणानं, म्हणजे नारळाच्या काथ्यानं, घासून घासून त्याचा शंभर वर्षांचा धूर उतरवला होता. चिंचेतल्या आंबटानं तांब्यावरचा काळा थर विरघळतो, खालचं तांबं नव्यासारखं गुलाबी निघतं. वयाच्या सत्तरीत, दुखऱ्या मनगटानं. मी दारात उभा. तिनं विचारलं, "कशें दिसता?"

बरें दिसता, म्हटलं. दुसरं काय म्हणणार? आणि खरंच बरं दिसत होतं.

बाणावलीला व्हिक्टर ह्यूगो गोम्स यांनी गोवा चित्रा म्हणून संग्रहालय उभं केलं आहे. नांगर, घाणे, गाडे, भांडी, गोव्याच्या घरांतून आणि शेतांतून बाहेर पडलेलं सगळं तिथे जमवलंय. ते जमवलं नसतं तर भंगारात गेलं असतं, त्या माणसाचे उपकारच आहेत. पण तिथे वस्तू बघताना मला नेहमी एक प्रश्न पडतो, की ही कुणी कशी ठेवली असती? फोटोवाल्याला झिजलेलं हवं असतं, घरवाल्याला घासलेलं. संग्रहालयात दुसरा पक्ष हजरच नसतो. इथे तो समोर उभा होता, हातात सोडण घेऊन.

तेव्हा लखलखीत भाणाचाच फोटो काढला, आणि तो काढणं काळ्यापेक्षा कठीण निघालं. घासलेलं तांबं आरसाच असतं. त्यात मी, माझा स्टँड, मागचे दोरीवरचे कपडे, सगळं आलं. काळी छत्री आडवी धरली, दोरीवरचे टॉवेल काढायला लावले, कौलातला उजेड एका बाजूनं येईल असं भाण फिरवलं. आयएसओ १००, एफ/८, दोन सेकंद, हात लावायचा नाही म्हणून टायमर. दोन सेकंदांत पाऊस वाढला की उजेड बदलतो, पुन्हा काढा. मावशी मधेमधे येऊन भाणावर उमटलेले माझ्या बोटांचे ठसे पदरानं पुसून जात होती.

शेवटी कॅमेऱ्याच्या पडद्यावर दाखवलं. चष्मा लावून बराच वेळ बघितलं तिनं. मग म्हणाली, "भाण बरें आयलां. घांसपी खंय?"

घासणाऱ्या बाईला फोटोत यायचं आहे. पण आज नाही, आज साडी बरी नाही. चवथीला, म्हणजे गणपतीत, काढायचा, तेव्हा सगळी येतील, मुंबईचा जावईही येईल. भाण देवासमोर माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या चौकटीखाली, ठेवणार म्हणते. माटोळीला यंदा नारळाची पेंड, सुपारीचे घोस, तोरंजन, आंबाडे, कांगलां सगळं हवं, पुण्याच्या दुकानातली प्लास्टिकची फळं आणलीस तर बघ, असं भावाला निरोप द्यायला सांगितलं. समयांच्या उजेडात, माटोळीखाली, घासलेल्या भाणाशेजारी मावशी: फोटो उत्तम होईल. फक्त वरची ट्यूबलाइट बंद करावी लागेल. आणि चवथीच्या दिवशी, घर पाहुण्यांनी भरलेलं असताना, मावशी ती बंद करू देणार नाही हे आजच लिहून ठेवतो.