जामिनाच्या खिडकीपाशी

"ताई, भरू का पैसे?"

टेक्सासमधल्या एका काउंटी जेलच्या जामिनाच्या खिडकीपुढे ती उभी होती. पाकिटात १,५०० डॉलर, निम्मे उसने. नवरा गॅस स्टेशनवर कामाला. २१ वर्षांखालच्या मुलाला बिअर विकली म्हणून पकडलेला, व्हिसा कधीच संपलेला. मी दुभाषी. वकिलांनी मला बोलावलं होतं आणि ते स्वतःच दुसऱ्या कोर्टात अडकले होते.

खिडकीतल्या बाई म्हणाल्या, तिच्या नवऱ्यावर आइसचा, म्हणजे अमेरिकेच्या इमिग्रेशन पोलिसांचा, डिटेनर आहे. या शब्दाला मराठी प्रतिशब्द मला अजून सापडलेला नाही. मी बाईंना उलगडून सांगायला लावलं: सुटायची वेळ आली की सोडू नका, आम्ही येऊन ताब्यात घेईपर्यंत, फार तर ४८ तास, थांबवून ठेवा, असं इमिग्रेशनवाल्यांनी जेलला कळवलंय.

जेलमध्ये घेतलेले बोटांचे ठसे एफबीआयमार्फत होमलँड सिक्युरिटीकडे, म्हणजे आइस ज्यात येतं त्या खात्याकडे, आपोआप जातात. डिटेनरवर न्यायाधीशाची सही नसते, आइसच्या अधिकाऱ्याची असते. तरी २०१७ च्या कायद्याने टेक्सासमध्ये जेल चालवणाऱ्या शेरीफला तो पाळावाच लागतो. त्याच वर्षी इलिनॉयने नेमका उलटा कायदा केला: न्यायाधीशाच्या वॉरंटशिवाय अडकवून ठेवायचं नाही. माणूस कुठल्या राज्यात पकडला गेला यावर त्याचं घर टिकणार की मोडणार हे ठरावं, हे मला मुळीच पटत नाही.

"पैसे भरल्यावर होईल ना?" तिने विचारलं.

"जामीन होईल," खिडकीतून उत्तर आलं. मी तसंच सांगितलं. तिचा चेहरा उजळला, आणि माझ्या पोटात गोळा आला. आपल्याकडे जामीन झाला म्हणजे माणूस घरी आला. इथे पैसे भरले की त्या ४८ तासांची मोजणी सुरू होणार होती.

मला हे माहीत होतं. पण दुभाष्याने सल्ला द्यायचा नाही, अशी शपथ घेतलेली असते. मी एवढंच म्हणाले, "याचं उत्तर मला देता येत नाही. वकिलांना फोन लावू का?"

चाळीस मिनिटं आम्ही बाकावर बसून होतो. पाकीट तिच्या मांडीवर.

वकिलांचा फोन आला. आज भरू नका, आधी इमिग्रेशनच्या वकिलाला भेटा, म्हणाले.

तिने पाकीट पर्समध्ये ठेवलं. "म्हणजे ते आत राहिलेलेच बरे?"

मी इंग्रजीत विचारलं. पलीकडे थोडा वेळ शांतता.

"आजच्यापुरतं, हो," मी तिला सांगितलं.